बायबल-बाई आणि तिचे वारस

पुण्याहून नाशिकच्या वाटेनें निघालें म्हणजे भोसरीपासून कारखान्यांच्या भिंती लागतात, त्या चाकण ओलांडलें तरी संपत नाहींत. फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं ज्याच्या आश्रयानें शाइस्तेखानाच्या फौजेस दोन महिन्यांच्या आसपास झुंजविलें, तो चाकणचा भुईकोट आतां या गर्दींत शोधून काढावा लागतो. तुकोबांचें देहू, ज्ञानदेवांची आळंदी आणि मोरया गोसाव्यांचें चिंचवड यांच्या या मुलखांत १९५५ पासून पिंपरीच्या सरकारी कारखान्यांत पेनिसिलिन तयार होऊं लागलें. १९६२ त महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. पाठोपाठ स्कूटरी आल्या, मालमोटारी आल्या, आणि शतक पालटतांना कारखान्यांची ही रांग चाकणच्या शेतांत उतरली. पिंपरी-चिंचवडची वस्ती १९७१ त लाखाच्या आंत होती. २०११ च्या शिरगणतींत ती सतरा लाखांच्या वर गेली.

एवढीं माणसें चाळीस वर्षांत एके ठिकाणीं येतात तेव्हां तीं एकमेकांच्या शेजारीं राहतात, पण एकमेकांचीं होत नाहींत. गांवीं कोणी गेलें तर चार घरचीं माणसें न बोलावतां दारीं येतात. येथें भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराचा बाप गांवीं वारला, तर पलीकडच्या खोलींतील रात्रपाळीच्या माणसास तें आठवड्यानें कळतें, कधीं कळतहि नाहीं. या आलेल्या लोकांत ख्रिस्तीहि पुष्कळ आहेत. नगर-जालन्याकडचे मराठी, गोव्याकडचे कोंकणी, त्याखेरीज केरळ व तमिळनाडूचे असे ते नाना तऱ्हेचे असून रविवारीं त्यांच्या उपासना निरनिराळ्या भाषांत चालतात. उपासना सुटली म्हणजे पाळक दाराशीं उभा राहून हस्तांदोलन करितो. ज्याची नोकरी सुटली आहे, जिचा संसार मोडत आला आहे, ज्याची दोन बोटें यंत्रांत गेलीं आहेत, तीं सारीं त्या रांगेंतून "बरें आहे" म्हणून पुढें जातात. पाळक एक, आणि माणसें शेंकडों. त्यानें तरी कोणाकोणाच्या घरीं जावें?

या अडचणीवर ख्रिस्ती मंडळ्यांनीं एक तोड काढिलेली आहे. मंडळींतील साध्या स्त्रीपुरुषांस शिकवून तयार करावयाचें, आणि एका दुःखिताच्या सोबतीस एक माणूस अशी त्यांची नेमणूक करावयाची. आज ही पद्धति अमेरिकेंतून आलेल्या 'स्तेफन-सेवा' या नांवानें जगभर परिचित आहे, आणि त्यामुळें ती नवी आहे असा समज होतो. वस्तुतः तिचें मूळ फार जुनें आहे, आणि तिच्या इतिहासांतील सर्वांत कठीण प्रसंग घडला तो आमच्या पुण्यांत. आमचे बहुतेक वाचक ख्रिस्ती नाहींत हें आम्ही जाणतों. परंतु तो प्रसंग जितका ख्रिस्ती लोकांचा तितकाच त्यांचाहि आहे.

'प्रेषितांचीं कृत्यें' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत यरुशलेमच्या पहिल्या मंडळींतील एका तंट्याची हकीकत आहे. मंडळी वाढली, आणि तिच्यांत दोन भाषा झाल्या. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी कीं, रोजच्या अन्नवांटपांत आमच्या विधवांची उपेक्षा होते. उपदेशाचें काम सोडून आम्ही पंगती वाढाव्या हें बरें नव्हे, असें म्हणून प्रेषितांनीं लोकांकडून सात माणसें निवडवून घेतलीं व हें काम त्यांच्या हातीं दिलें. त्यांतील पहिला स्तेफन. पुढें विरोधकांनीं त्यास दगडमार करून ठार केलें, आणि ख्रिस्ती धर्माचा पहिला हुतात्मा म्हणून त्याचें नांव अजरामर झालें. त्या विधवांस पुढें वेळच्या वेळीं अन्न मिळूं लागलें कीं नाहीं, याबद्दल ग्रंथकार एक अक्षरहि लिहीत नाहीं! असो. या छोट्या हकीकतींत दोन गोष्टी आहेत. काम निघालें तें विधवांच्या दुःखांतून, आणि उपेक्षा झाली ती भाषेच्या परकेपणामुळें.

मधल्या शतकांचा इतिहास आम्ही ओलांडून जातों. मठ, धर्मशाळा, रुग्णालयें यांतून दुःखितांची सेवा झाली खरी, परंतु ती बहुधा व्रतस्थांनीं केली. सामान्य संसारी माणसास थोडें शिकवून दुसऱ्याच्या दारीं पाठवावें ही कल्पना पुन्हा ठसठशीत दिसते ती १८५७ सालच्या लंडनांत. तेथें एलन रॅनियार्ड नांवाच्या बाईनें सेव्हन डायल्स या दरिद्री वस्तींत एक बायबल-बाई नेमिली. ही बाई त्याच थरांतील होती, हेंच त्यांत विशेष. उच्च वर्गांतील स्त्रिया गरिबांच्या घरीं जात, पण दार उघडलें तरी मन उघडत नसे. रॅनियार्डनें ओळखलें कीं, त्या घरांत शिरावयास तेथलेंच माणूस पाहिजे. अशा बायांस सुमारें तीन महिने शिक्षण मिळे. बायबलाबरोबरच आरोग्याचे नियम व गरिबांविषयींचे कायदे त्यांस समजावून देत. पुस्तक फुकट वांटावयाचें नाहीं, आठवड्यास एक-एक पेनी घेऊन विकावयाचें, असा नियम होता. १८६८ पासून याच मंडळानें शुश्रूषा जाणणाऱ्या बायाहि घरोघर पाठविण्यास आरंभ केला.

ही बायबल-बाई मिशनांच्या द्वारें महाराष्ट्रांत आली व येथें तिचें रूप पालटलें. अमेरिकन मिशन १८१३ त मुंबईस आलें व १८३१ त त्याचें ठाणें नगरास झालें. त्यांच्या उपदेशकांस चावडीवर, बाजारांत, जत्रेंत बोलतां येई. माजघरांत पाऊल घालतां येत नसे. तेथें बाईच पाहिजे. मग ख्रिस्ती झालेल्या बायांस, आणि त्यांत विधवा पुष्कळ असत, वाचावयास शिकवून घरोघर पाठवूं लागले. हातांत पुस्तक, तोंडीं चार भजनें, आणि महिन्याकांठीं अगदीं थोडका पगार, एवढें तिचें भांडवल. ती मुलींना अक्षरें शिकवी, आजाऱ्यापाशीं बसे, बाळंतिणीचें ऐके, आणि संधि सांपडली कीं शुभवर्तमान सांगे.

मिशनच्या वार्षिक अहवालांतून या बायांच्या कामाचे आंकडे येतात. अमुक घरें, इतक्या श्रोत्या, एवढीं पुस्तकें विकलीं. बायांचीं नांवें क्वचित् येतात, आलीं तर एकेरी. ती काय बोलली हें लिहिलेलें असतें. तिनें काय ऐकलें हें कोठेंच नाहीं. चुलीपाशीं बसून सासुरवाशिणीनें तिला जें सांगितलें असेल, त्याचा रकाना अहवालांत नव्हता. आमच्या मतें तिचें खरें काम त्या न लिहिलेल्या भागांत होतें, आणि त्यामुळेंच तें इतिहासाच्या हातीं लागत नाहीं.

आतां पुण्याकडे वळूं. पंडिता रमाबाईंचें चरित्र वाचकांस परिचित आहे, तेव्हां त्यांतील आमच्या विषयापुरतें तेवढें घेतों. १८८२ त पति वारल्यावर रमाबाई पुण्यास आल्या, १८८३ त इंग्लंडला गेल्या, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. हा बदल कशानें झाला? पुढें १९०७ त लिहिलेल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं जें कारण सांगितलें आहे, तें तत्त्वज्ञानाचें नाहीं. वाँटेजच्या भगिनींचा लंडनजवळ फुलम येथें एक आश्रम होता. तेथें समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांस जवळ करून नवें आयुष्य देण्याचें काम चाले. तें पाहून रमाबाई चकित झाल्या. या स्त्रियांची एवढी काळजी कशासाठीं, असें विचारतां एका भगिनीनें त्यांस विहिरीपाशीं भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. पंडितेचा निकाल जेथें लागला, तेथें वाद कोणी घातलाच नव्हता. एका स्त्रीनें दुसरीस टाकलें नाहीं, एवढेंच तिनें पाहिलें.

१८८९ च्या मार्चांत रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन उघडलें, व पुढील वर्षीं तें पुण्यास आणिलें. बालविधवांना शिक्षण, अन्न आणि निवारा देणारी ही संस्था अमेरिकेंतील मंडळाच्या पैशावर चाले. परंतु तींत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, प्रत्येकीनें आपल्या धर्माप्रमाणें वागावें, असें वचन होतें. त्या वचनावर विश्वासून रानडे, भांडारकर यांसारखे पुरुष सल्लागार झाले. आणि मग तो दाराचा प्रश्न उपस्थित झाला.

रमाबाई स्वतः ख्रिस्ती. आपल्या खोलींत, आपल्या मुलीबरोबर, त्या रोज प्रार्थना करीत. खोलीचें दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन आंत येऊन बसूं लागल्या. रमाबाईंनीं त्यांस बोलाविलें नाहीं, आणि हांकलूनहि दिलें नाहीं. घरांतील इतर वेळीं माझें दार ज्या मुलींस उघडें आहे, तें मी प्रार्थनेच्या वेळीं त्यांच्या तोंडावर कां लावून घ्यावें, हा त्यांचा प्रश्न होता. केसरीनें यावर झोड उठविली. १८९३ त रानडे, भांडारकर आणि त्यांचे सहकारी यांनीं सल्लागारपणाचा राजीनामा दिला, आणि पालकांनीं कित्येक मुली काढून नेल्या.

या प्रसंगीं कोणाचा पक्ष खरा? शंभरांवर वर्षें लोटलीं तरी आम्हांस त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. रमाबाईंनीं कपट केलें असें म्हणणाऱ्यांनीं गोदूबाईंकडे पाहावें. शारदासदनाच्या आरंभींच्या विद्यार्थिनींपैकीं या एक. १८९३ च्या मार्चांत, म्हणजे वादाच्या ऐन वर्षांत, त्या धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या, हिंदुच राहिल्या, आणि पतीच्या कार्यासाठीं त्यांनीं पुढें जन्म वेंचला. पण म्हणून रानड्यांची शंका पोकळ होती असेंहि नाहीं. ज्या मुलीला सासरमाहेर दोन्ही तुटलें, जिचें केशवपन झालें, जिच्याशीं कोणी धड बोलत नव्हतें, तिला एक स्त्री पोटाशीं धरते, जेवूं घालते, पुस्तक हातीं देते. त्या स्त्रीच्या उघड्या दारांतून ती आंत गेली, तर तें पाऊल कितपत तिचें स्वतःचें? दार उघडें ठेवणाऱ्यानें कांहींच केलें नाहीं हें खरें. आणि तरीहि कांहीं घडलें, हेंहि खरें. दुःखांत असलेलें माणूस देणाऱ्याच्या मनाप्रमाणें वळतें. त्याला उपकार फेडावयाचे असतात आणि जवळ दुसरें कांहीं नसतें.

येथून दोन वाटा फुटल्या. अशी सेवा आपणच करावी या जाणीवेनें १८९६ त कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम निघाला, आणि १९०९ त रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यास सेवासदन काढून स्त्रियांस शुश्रूषेचें शिक्षण देवविलें. दुसरीकडे पंडितेनें केडगांवचा माळ गांठला. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन तिनें उपाशी मुली आणिल्या, १८९८ त मुक्तिसदन उभें केलें, आणि १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. फुलमच्या धर्तीवर टाकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन निघालें. आंधळ्यांसाठीं निराळी शाळा झाली. केडगांवांत तटस्थतेचें वचन नव्हतें. ही संस्था ख्रिस्ती आहे, हें वेशीवरच स्पष्ट होतें. न पाळतां येण्यासारखें वचन देण्यापेक्षां हें अधिक प्रामाणिक, असें आम्हांस वाटतें. परंतु दुष्काळांतून उचललेल्या पोरीस वेशीवरची पाटी वाचतां कोठें येत होती? दाराचा प्रश्न केडगांवींहि सुटला नाहीं, तो विचारणारे तेवढे तेथें नव्हते.

मात्र केडगांवांत एक गोष्ट घडली, ती मोलाची आहे. ज्यांना वांचविलें त्याच पुढें दुसऱ्यांना सांभाळणाऱ्या झाल्या. थोरल्या मुलींकडे धाकट्या सोंपविल्या जात. जिनें भूक पाहिली तिच्या हातीं भुकेलेलीचें ताट. यरुशलेमांतील विधवा वाढून घेणाऱ्या होत्या. येथें विधवाच वाढावयास उभ्या राहिल्या.

बायबल-बाईच्या पगाराविषयींहि एक आक्षेप होता, आणि तो काढणारा बाहेरचा नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ त ख्रिस्ती झाले व अमेरिकन मिशनच्या सेवेंत राहिले. पगारी उपदेशकाचा शब्द लोकांच्या मनांत उतरत नाहीं, हें शल्य त्यांस होतेंच. शेवटीं १९१७ त मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीनें राहूं लागले, आणि त्यांनीं 'देवाचा दरबार' भरविला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसहि त्यांत जागा होती. दोन वर्षांनीं टिळक वारले आणि दरबार मागें पडला. तो टिकता तर रानड्यांनीं मांडलेल्या कोड्याचें एक मराठी उत्तर आम्हांस मिळालें असतें, असें राहून राहून मनांत येतें.

पुढचें उत्तर आलें तें लंडनहून, आणि तेंहि योगायोगानें. १९३५ त चॅड वारा या तरुण धर्मोपदेशकास लिंकन येथें चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधि करावा लागला. तिला ऋतु प्राप्त झाला होता. तो कांहीं भयंकर रोग असावा असें समजून, कोणास विचारण्याची सोय नसल्यानें, तिनें जीव दिला होता. ही गोष्ट त्यानें विसरली नाहीं. १९५३ त तो लंडनांतील एका देवळाचा पाळक झाला (योगायोग असा कीं, तें देऊळहि स्तेफनाच्याच नांवाचें), आणि जीव नकोसा झालेल्यांनीं आपणांस टेलिफोन करावा असें त्यानें जाहीर केलें. लोकांची रीघ लागली. वाट पाहणाऱ्यांस चहा देण्यासाठीं कांहीं साधीं माणसें मदतीस येऊन बसलीं. थोड्याच महिन्यांत वाराच्या ध्यानीं आलें कीं, त्या चहावाल्यांपाशीं तास-अर्धा तास बोलून झालें कीं पुष्कळांस आंत पाळकाकडे जाण्याची गरजच उरत नाहीं. १९५४ त त्यानें सारें काम त्यांच्याच हवालीं केलें. नांव शोमरोन्यांचें ठेविलें, पण धर्मोपदेश करावयाचा नाहीं असा नियमच घातला. म्हणजे पाळकानेंच दार लावून घेतलें!

स्तेफन-सेवा ही याच्या पलीकडची पायरी. अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं केनेथ हॉक हा लूथरपंथी पाळक मानसशास्त्राचाहि जाणकार होता. मंडळींतील सर्व दुःखितांस आपण एकटे पुरे पडत नाहीं, हें पाहून १९७५ त त्यानें मंडळींतील नऊ जणांस शिकविलें. मूळच्या योजनेंत शिक्षण पन्नास तासांचें. नंतर आठवड्यास एक भेट, सुमारें तासाची. पुरुषाकडे पुरुष, स्त्रीकडे स्त्री. ऐकलेलें बाहेर जावयाचें नाहीं. आणि सोबत करणाऱ्यांनीं ठराविक दिवशीं एकत्र जमून, नांवें न घेतां, आपल्या अडचणी एकमेकांपुढें मांडावयाच्या. वाराप्रमाणें हॉकनें धर्म दाराबाहेर ठेविला नाहीं. सेवा ख्रिस्ती आहे हें आधींच सांगितलेलें असतें, प्रार्थनाहि होते. पण बरें करणें आपल्या हातीं नाहीं, आपण फक्त सोबत करावी, हा त्यांतला मुख्य धडा. दुखणें हाताबाहेर आहे असें दिसल्यास वैद्याकडे पोंचविणें हेंहि त्याच धड्यांत येतें.

पन्नास तास शिकावयाचें काय, असें कोणी विचारील. आमच्याकडे समाचारास जाण्याची चाल आहे. चाल चांगली; पण समाचारास आलेला गृहस्थ पहिल्या पांच मिनिटांत स्वतःच्या शस्त्रक्रियेची कथा सांगूं लागतो, दुसरा एखाद्या डॉक्टराचें नांव सुचवितो, तिसरा "जें होतें तें बऱ्यासाठीं" म्हणून चहाचा पेला खालीं ठेवितो. दुःखितच बिचारा त्यांची समजूत घालून त्यांना वाटेस लावतो. गप्प बसणें, सल्ला न देणें, आपली गोष्ट आपल्यापाशीं ठेवणें हें शिकावयास पन्नास तास फार नव्हेत. बायबल-बाईस हें कोणी शिकविलें नव्हतें. तिच्यापैकीं ज्यांना साधलें त्यांना तें स्वतःच्या वैधव्यानें साधलें असावें.

आणि या नियमांत रानड्यांच्या शंकेचें अर्धें उत्तर आहे असें आम्ही मानतों. सोबत करणारा पगारी नाहीं, तो अन्न व निवारा देत नाहीं, आणि समोरचा माणूस 'आतां पुरे' म्हणाला तर भेटी थांबतात. शारदासदनांतल्या मुलीस 'पुरे' म्हणून जावयास जागा नव्हती. उरलेलें अर्धें उत्तर नियमांत नाहीं, आणि तें लिहूनहि ठेवतां यावयाचें नाहीं. तें प्रत्येक भेटींत नव्यानें द्यावें लागतें.

पिंपरी-चिंचवड व चाकण येथें हें काम करूं म्हणणाऱ्या मंडळीपुढें मात्र सेंट लुईत नव्हती अशी अडचण आहे. ठरलेला वार, ठरलेला तास येथें चालत नाहीं, कारण पाळी आठवड्यास बदलते. सोबत करणारा दिवसपाळीस आणि ज्याची सोबत करावयाची तो रात्रपाळीस, असें होणार. एका खोलींत चौघे-पांचजण राहतात. एकांतांत बोलावयाचें तर कोठें? कंत्राट संपलें कीं माणूस एका रात्रींत खोली सोडून जातो, आणि आठवड्यांची ओळख अर्ध्यावर तुटते. या अडचणींवर तोड निघेल, कारण सोबत करणाराहि बहुधा पाळीचाच माणूस असणार. भाषेची अडचण याहून मोठी आहे.

त्यासाठीं पुन्हा सहाव्या अध्यायाकडेच जावें लागतें. निवडलेल्या सातांचीं नांवें तेथें दिलीं आहेत. स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन आणि बाकीचे. सातहि नांवें ग्रीक आहेत, आणि त्यांतला एक तर अंत्युखियाहून आलेला, जन्मानें यहुदीहि नव्हे. म्हणजे तक्रार ज्यांची होती त्यांच्याच हातीं मंडळीनें पळी दिली, असा अर्थ पुष्कळ टीकाकार काढतात व आम्हांसहि तोच बरोबर वाटतो. पिंपरीच्या मराठी मंडळीस हा अध्याय पाठ आहे, मल्याळम् मंडळीसहि आहे. पण झारखंडांतून आलेला एखादा ख्रिस्ती तरुण चाकणच्या खोलींत एकटा पडला आहे, त्याची मातृभाषा मुंडारी, आणि चौघांत तो बोलतो ती सादरी; त्याच्याकडे मराठी वा मल्याळम् बोलणारा कितीहि शिकलेला माणूस पाठविला, तरी तो त्याच्यापुढें "ठीक है" एवढेंच बोलेल. त्याची सादरी समजणारें कोणी त्याच कारखान्याच्या दुसऱ्या पाळींत आहे काय, हें आधीं शोधावें लागेल, आणि पन्नास तास शिकवावयाचे ते त्याला.